मदत हवी आहे : ७ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर, सूर्य मावळला की मिक्सरमधून नसलेली स्टेशनं येतात

राजारामपुरी_४०मीटर :
राम राम मंडळी. मुक्काम कोल्हापूर. ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा हौशी रेडिओ पट्टा) सुपरहेट रिसीव्हर जुळवलाय, म्हणजे आलेला सिग्नल मिक्सरमध्ये दुसऱ्या लहरीशी मिसळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणणारा. मिक्सर एनई६०२ आयसी, आयएफ (ती ठरावीक फ्रिक्वेन्सी) १२ मेगाहर्ट्झ, एलओ (मिसळायची लहर देणारा ऑसिलेटर) एसआय५३५१ या क्लॉक चिपवर ४.८ ते ५ मेगाहर्ट्झ. एलओ ०.०१ मायक्रोफॅरडमधून थेट पिन ६ ला दिलाय. अँटेना गच्चीवर, उलट्या व्ही आकाराचा डायपोल.

दिवसा स्वच्छ चालतो. संध्याकाळी सातनंतर ७.१०० ते ७.२०० मध्ये जागोजागी गाणी आणि बातम्या घुसतात, शिवाय शिट्ट्या. आकाशवाणी सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ घुसत असेल का? आयसी खराब म्हणून बदलून पाहिला, फरक शून्य. पुढं हाच मिक्सर ट्रान्समिटरलाही वापरायचा आहे.

टोरॉइड_पिवळा :
आयसी ठीक आहे, भावा. सांगलीही नाही. मध्यमलहरी घुसत असती तर भर दुपारीही ऐकू आली असती. तुमचा त्रास अंधारासोबत येतो, म्हणजे तो ४१ मीटरच्या प्रसारण पट्ट्याचा. तो ७.२०० ला, आपला पट्टा संपतो तिथंच सुरू होतो आणि रात्री तिथली स्टेशनं फार जोरात येतात. ७२५० आणि ७३४० किलोहर्ट्झवर दोन जबर स्टेशनं असली, तर मिक्सरमध्ये २ × ७२५० − ७३४० = ७१६० तयार होतं. हवेत ७१६० वर काहीच नसतं. एनई६०२ चा इनपुट आयपी३ (जबर सिग्नल सोसण्याचं माप, जास्त तेवढं चांगलं) साधारण −१५ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), त्यामुळं तो लगेच गुदमरतो.

त्याआधी एक चूक सुधारा. पिन ६ ला २०० ते ३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक पुरतात, तुम्ही जवळजवळ ३.३ व्होल्टची चौकोनी लहर कोंबताय. एसआय५३५१ कडून १ किलोओहम सिरीजमध्ये, पुढं १०० ओहम ग्राउंडला, तिथून कपॅसिटरनं पिन ६. शिट्ट्या कमी व्हाव्यात.

मग अँटेना आणि इनपुट फिल्टर यांच्यामध्ये १० डीबीचा पाय-पॅड (सिग्नल उतरवणारं तीन रेझिस्टरचं जाळं) टाका : दोन्ही बाजूंना १०० ओहम ग्राउंडला, मध्ये ६८ ओहम. एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) असेल तर बंद ठेवा. खरं स्टेशन १० डीबीनं उतरेल, मिक्सरमध्ये जन्मलेलं खोटं स्टेशन ३० डीबीनं. कानालाच कळतं.

राजारामपुरी_४०मीटर :
दोन्ही करून पाहिलं. डिव्हायडरनं शिट्ट्या निम्म्याहून कमी. पॅड टाकताच गाणी पूर्ण गायब, हॅम (हौशी) स्टेशनं थोडी बारीक पण स्पष्ट. मग इनपुटचा बँडपास (फक्त आपला पट्टा आत सोडणारा फिल्टर) आणखी अरुंद करू का?

पन्हाळा_लाईन :
त्यानं भागणार नाही. ७.१५० घ्यायचं आणि ७.२५० अडवायचं, अंतर फक्त १०० किलोहर्ट्झ. साध्या कॉइलच्या फिल्टरला ते जमत नाही, जमवायला गेलात तर त्याचा स्वतःचा लॉस वाढतो. पॅड खटक्यावर ठेवा, पण खरा इलाज म्हणजे डायोड रिंग मिक्सर. तयार हवा तर एडीई-१ : एलओ +७ डीबीएम, लॉस ५ डीबीच्या आसपास, आयपी३ सुमारे +१५ डीबीएम. म्हणजे एनई६०२ पेक्षा ३० डीबीनं दणकट.

घरी करायचा तर एफटी३७-४३ चे दोन गोल फेराइट कोर आणि ३२ गेजची एनॅमल तार. तीन तारा एकत्र पिळायच्या, दहा वेढे. दुसऱ्या तारेचं शेवटचं टोक तिसरीच्या सुरुवातीला जोडलं की तो मधला टॅप. चार १एन४१४८ मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर १० मिलिव्होल्टच्या आत जुळणारे निवडा. डायोड बोटात धरून मोजू नका, बोटाच्या उबेनं आकडा खाली सरकत जातो आणि जोडी चुकते.

इथं बहुतेकांची गल्लत होते : हा रेक्टिफायरचा ब्रिज नाही. चारही डायोड एकामागं एक, प्रत्येकाचा कॅथोड पुढच्याच्या अॅनोडला, असे गोल फिरले पाहिजेत. समोरासमोरचे दोन कोपरे एका ट्रान्सफॉर्मरला, उरलेले दोन दुसऱ्याला. एलओकडचा मधला टॅप ग्राउंड, आरएफकडच्या (अँटेनाच्या बाजूच्या) टॅपवरून आयएफ काढायचा.

टोरॉइड_पिवळा :
एलओची पातळी मोजूनच द्या. एसआय५३५१ ८ मिलिअँपिअर ड्राइव्हवर ५० ओहममध्ये १० डीबीएमच्या आसपास देतो. ३ डीबीचा पॅड लावा : ३००, १८, ३००. मिक्सर सोडवून जागी ५१ ओहमचा रेझिस्टर ठेवा आणि स्कोपवर १.४ व्होल्ट पीक-टू-पीक बघा. मिक्सर जोडलेला असताना मोजू नका, डायोड लहर कापतात आणि आकडा फसवतो. एलओ क्लॉक ० वर, बीएफओ (आयएफमधून आवाज परत मिळवायला लागणारा ऑसिलेटर) क्लॉक २ वर घ्या, शेजारच्या पिना एकमेकींत गळतात.

आणि मिक्सरनंतरचा डायप्लेक्सर (नको त्या फ्रिक्वेन्सी रेझिस्टरमध्ये जिरवणारं सर्किट) गाळू नका, हात जोडून सांगतो. आयएफचा क्रिस्टल फिल्टर आपल्या पट्ट्याबाहेरचं सगळं परत मिक्सरवर फेकतो, मग ते +१५ कागदावरच राहतं. १२ मेगाहर्ट्झसाठी : इनपुटपासून आउटपुटपर्यंत ०.६६ मायक्रोहेन्री आणि २६७ पिकोफॅरड सिरीजमध्ये. दोन्ही टोकांपासून ५१ ओहमचा एकेक रेझिस्टर एका बिंदूला, त्या बिंदूपासून ग्राउंडला तेवढीच कॉइल व कपॅसिटर, पण समांतर. कॉइल टी३७-६ वर १५ वेढे, कपॅसिटर २२० + ४७ एनपीओ (तापमानानं न बदलणारे).

एनई६०२ चा सुमारे १७ डीबी गेन जाऊन उलट ६ डीबी लॉस येतो, म्हणून डायप्लेक्सरनंतर २एन२२२२ए चा फीडबॅक अॅम्प्लिफायर, २० मिलिअँपिअरवर. मिक्सरच्या आधी अॅम्प्लिफायर मुळीच नको. ७ मेगाहर्ट्झवर हवेतलाच गोंगाट इतका असतो की हा लॉस जाणवत नाही.

राजारामपुरी_४०मीटर :
एडीई-१ मागवतो, तोवर रिंग बांधून बघतो. दोनच शंका : ट्रान्समिटला हाच उलटा चालेल? आणि बीएफओ हलवावा लागेल?

पन्हाळा_लाईन :
चालेल, रिंग दोन्ही दिशांनी सारखीच. फक्त आयएफकडून −१० डीबीएमपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर आवाज शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरतो. १२ − ४.९ = ७.१ सोबत १६.९ पण निघतं, ते रिसीव्हच्याच बँडपासमधून काढून टाका. बीएफओ आहे तिथंच राहू द्या. ७.१ + ४.९ ही बेरीज आहे, साइडबँड (वाहक लहरीच्या वरची किंवा खालची बाजू) उलटत नाही. उद्या एलओ १९.१ वर नेलात तर मात्र एलएसबीचा (खालचा) यूएसबी (वरचा) होईल आणि बीएफओ फिल्टरच्या दुसऱ्या काठावर न्यावा लागेल. ७३ (शुभेच्छा).