मदत हवी आहे: एए मीटिंगच्या दारातून दोनदा परत आलोय

नवीन आयडी काढून लिहितोय, का ते कळेलच. मला दारू सोडायचीय. चौदा वर्षं झाली, आधी शनिवारची होती, मग रोजची झाली आणि गेले काही महिने सकाळीपण लागते, नाही घेतली तर दाढी करताना हात थांबत नाही, परवा हनुवटी दोन ठिकाणी कापली. बायकोला म्हटलं ब्लेड जुनं होतं. दुसऱ्या दिवशी तिने नवीन पाकीट आणून आरशापाशी ठेवलं, बोलली काहीच नाही.

तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना धरून राहणारे गट) मीटिंग शोधतोय. पहिल्यांदा नेटवर मिळालेल्या पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप, ती यादी कधीची होती कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा बरोबर पोचलो, जिना चढलो, तर आतून खो खो हसण्याचा आवाज. म्हटलं आपण चुकलो, दारू सोडायला आलेली माणसं एवढी कशाला हसतील, इथे कुणाचातरी वाढदिवस चाललाय. तसाच खाली उतरलो. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, आणि त्या रात्री नेहमीपेक्षा जास्तच झाली.

मीटिंग चालू आहे की बंद पडलीय हे आधी कसं कळतं? नाव सांगावं लागतं का, ओळखीचं कुणी निघालं तर काय, उभं करून बोलायला लावतात का, फी किती? आणि देवाबिवाचं माझं फारसं जमत नाही, ते चालतं का? प्लीज 'मनावर घ्या, सुटेल' असं कुणी लिहू नका, मनावर दोनशे वेळा घेऊन झालंय.

प्रतिसाद १
मीटिंगच्या आधी एक. सकाळी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत म्हणजे शरीराला सवय झालीय, तेव्हा झटक्यात एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना भास, ताप, काही सुचेनासं होणं असं होतं, त्याने जीवपण जातो. घाबरवत नाहीये, वॉर्डात बघितलंय. डॉक्टरांना किती पिता त्याचा खरा आकडा सांगा, अर्धा करून नको (सगळे अर्धाच सांगतात). ते काही दिवस गोळ्या देऊन उतरवतात, बी-वन व्हिटॅमिन पण देतात. मीटिंगला त्यासाठी थांबू नका, दोन्ही सोबत चालतं.

प्रतिसाद २
भाऊ, वाढदिवसच असेल हो! दारू सोडून वर्ष झालं की आमच्यात त्याला बर्थडे म्हणतात. आणि नसेल तर कुणीतरी स्वतः लपवलेल्या बाटलीची गोष्ट सांगत असणार, ती ऐकून हसू येतं कारण प्रत्येकाने तिथेच लपवलेली असते. मला नऊ वर्षं झाली, मीपण पहिल्यांदा जिन्यातच अडकलो होतो.

इकडच्या तिकडच्या याद्यांवर जाऊ नका, आपल्या देशातल्या एएच्या अधिकृत साइटवरून हेल्पलाइनचा नंबर घ्या आणि फोन करा, उचलणारा आपल्यातलाच असतो. अगदीच बाहेर पडवत नसेल तर ऑनलाइन मीटिंगा दिवसरात्र चालू असतात, कॅमेरा बंद ठेवून बसा. फी नाही, शेवटी डबा फिरतो, नवीन माणसाने नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. नाव फक्त पहिलं, तेही हवं तर. बोलायचं नसेल तर 'आज ऐकायला आलोय' म्हणायचं, संपलं. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, घरचेसुद्धा, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांची. अट एकच, दारू सोडायची इच्छा. ओळखीचं कुणी भेटलं तर तोही त्याच कामाला आलेला असणार ना! देवाचं म्हणाल तर आमच्या ग्रुपमध्ये दोन पक्के नास्तिक आहेत, ते ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. तरी नाहीच पटलं तर स्मार्ट रिकव्हरी म्हणून वेगळे गट आहेत, तिथे देवाचा विषयच नाही.

फोन करायला लाज वाटेल म्हणून सांगतो, एए सुरूच एका फोनवरून झालं. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला एक शेअर दलाल धंद्यात आपटलेला, दारू सोडून जेमतेम पाच महिने, हॉटेलच्या लॉबीत उभा आणि समोर बार. बारमध्ये न जाता त्याने फोन लावत लावत दुसरा दारुडा शोधला, तो निघाला सर्जन. पंधरा मिनिटंच बसतो म्हणून आलेला डॉक्टर रात्री अकराच्या पुढेपर्यंत हलला नाही.

प्रतिसाद ३
दादा, ते ब्लेडचं पाकीट वाचून लिहितेय. मी पलीकडच्या बाजूची, नवरा प्यायचा. तिला सगळं माहितीये. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं, १९५१ पासून, तुम्ही जा न जा ती जाऊ शकते. तिला नुसतं सांगून ठेवा, जबरदस्ती नको.

मूळ लेखक
सगळ्यांचे आभार. डॉक्टरकडे जाऊन आलो, बायको सोबत होती, आकडा मी सांगायच्या आधी तिनेच सांगितला आणि तो बरोबर होता. गोळ्या चालू आहेत.

काल हेल्पलाइनला फोन लावला. म्हटलं मला फक्त मीटिंगची वेळ कन्फर्म करायचीय. ते बरं म्हणाले, आणि मग पाऊण तास आम्ही बोलत होतो. शुक्रवारी मी जिन्याखाली थांबतो म्हणालेत. मी विचारलं, तुम्हाला ओळखू कसं? तर हसायलाच लागले, म्हणाले तुम्ही राहू द्या, मी ओळखेन.