मदत हवी आहे: व्यसन आणि कुटुंबोपचार एकाच सत्रात शिकवताना रोल-प्लेचं काय करता?

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) दुसरं वर्ष, 40 विद्यार्थी, 50 मिनिटांचा तास. ऑडिट, म्हणजे दारू पिण्यातला धोका तपासणारी प्रश्नावली (10 प्रश्न, 0 ते 40 गुण, 8 पासून पुढे धोका) एका तासात जमते. तीन पिढ्यांचा जीनोग्रामही (घरातली माणसं आणि त्यांची नाती दाखवणारा आराखडा) जमतो; फक्त तो स्वतःच्या घराचा गुणांसाठी मागू नये, कुणाचे वडील पीत असतील तर पोरगं वर्गात उघडं पडतं.

गाडी अडते रोल-प्लेला. पिणाऱ्या नवऱ्याची भूमिका करणारा मुलगा सिनेमातला झिंगलेला दारुडा उभा करतो, वर्ग हसतो. समुपदेशक झालेली मुलगी दहाव्या मिनिटाला बायकोवर घसरते: "तुम्हीच त्याच्या ऑफिसात खोटं सांगता." वर्तुळाकार कार्यकारणभाव (घरातल्यांचं वागणं एकमेकांना घडवत राहतं, ही कल्पना) म्हणजे दोषाची वाटणी, असा घोळ यामागे आहे. मारहाणीचा संशय असेल तर आधी दोघांना वेगळं भेटून सुरक्षितता तपासायची, संयुक्त बैठक नंतर (किंवा नाहीच), हेही हमखास राहतं.

नवरा पूर्ण शुद्धीत आहे आणि पिणं नाकारतोय, अशी चिठ्ठी दिली की हसणं थांबतं. पण चौघांच्या गटातल्या निरीक्षकाला नेमकं काय टिपायला सांगता? 'छान बोलली'च्या पुढे कुणी जात नाही. कुणाकडे वापरून पाहिलेला, एका पानाचा मराठी तक्ता आहे का?