शब्दचर्चा : ‘आशीर्वाद’ नेमका कोणाला?

प्रश्न : व्हॅटिकनच्या धर्मश्रद्धा विभागाने १८ डिसेंबर २०२३ रोजी ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा एका मराठी बातमीचा मथळा ‘समलिंगी नात्याला पोपचा आशीर्वाद’ असा होता. तो वाचून आईची समजूत झाली की आता चर्चमध्ये असे विवाह लागणार. मला माझी श्रद्धाही सोडायची नाही आणि समलिंगी असलेला सख्खा भाऊही सोडायचा नाही, म्हणून मी मूळ निवेदन वाचायला घेतले, तर विवाहाविषयीची शिकवण तेथे जशीच्या तशी होती. मग ‘आशीर्वाद’ हा प्रतिशब्दच चुकला का?

प्रतिसाद : ताई, प्रतिशब्द चुकलेला नाही. लॅटिन ‘बेनेदिचेरे’चा अर्थ चांगले बोलणे, आणि आपल्या ‘आशीर्वादा’तही आशिस् अधिक वाद, म्हणजे शुभेच्छेचे बोलणेच आहे. मात्र मराठीत हा शब्द दोन ठिकाणी फार राबला आहे. ‘आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर’ असे लग्नपत्रिकेच्या तळाशी छापून छापून त्याला अक्षतांचा वास लागला, आणि ‘त्या बांधकामाला साहेबांचा आशीर्वाद आहे’ असे म्हणताना तर त्याचा अर्थ उघडउघड पाठबळ असाच होतो. मथळा वाचताना हे दोन्ही अर्थ मनात आधीच हजर असतात.

खरी गफलत मात्र ‘ला’ हा प्रत्यय कोणाला लागला यात आहे. १५ मार्च २०२१ रोजी याच विभागाने समलिंगी संबंधांना आशीर्वाद देण्याचा अधिकार चर्चला नाही असे उत्तर दिले होते. २०२३ च्या निवेदनाने तो नकार मागे न घेता, जोडपे आपणहून आशीर्वाद मागायला आले तर पुरोहिताने तो साधेपणाने द्यावा, त्याचा ठरीव विधी करू नये, नागरी विवाहसोहळ्याला जोडून तो देऊ नये आणि लग्नाचा पोशाखही त्या वेळी नसावा, असे सांगितले. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात तर असा आशीर्वाद १० ते १५ सेकंदांचा असेल असे म्हटले आहे. एवढ्या वेळात आपल्याकडे एक मंगलाष्टकही पुरे होत नाही!

गोव्याच्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या तेर्सानंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, मुले थोरांकडून ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद घेतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला असला, तरी त्याची मुळे त्याच लॅटिन क्रियापदात आहेत. बेसांव मागणाऱ्या मुलाची दिवसभराची वागणूक कोणी आधी तपासत नाही, आणि तो दिला म्हणून ती मान्य झाली असेही कोणी समजत नाही. आईंना समजावताना हा दाखला कदाचित जास्त उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ती : दाखला पटला, पण मग मथळा ‘समलिंगी व्यक्तींना आशीर्वाद’ असा द्यावा का?

प्रतिसाद : माझ्या मते तसा देऊ नये, कारण तो उलट्या बाजूने चुकतो. एकेकट्या व्यक्तीला आशीर्वाद देण्याची वाट २०२१ च्या उत्तरातही मोकळी होती, आणि नव्या निवेदनात ‘जोडपी’ हाच शब्द आहे. त्यावरच वादळ उठले आणि आफ्रिकेतील बिशपांनी ११ जानेवारी २०२४ रोजी असे आशीर्वाद आपल्याकडे दिले जाणार नाहीत असे कळवले. पुढे पोप फ्रान्सिस यांनी स्वतः स्पष्ट केले की आशीर्वाद संबंधाला नसून तो एकत्र मागणाऱ्या माणसांना आहे. त्यामुळे ‘समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास मुभा, विवाहाची शिकवण कायम’ हा मथळा लांब असला, तरी मला तो प्रामाणिक वाटतो.

जाता जाता, अशा बातम्यांतला ‘समावेश’ हा शब्दही मला कोरडा वाटतो, कारण समावेश यादीत होतो. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला तरुणांसमोर ‘तोदोस, तोदोस, तोदोस’, म्हणजे ‘सगळे, सगळे, सगळे’ असे म्हटले होते. त्यासाठी आपल्याकडे ‘सामावून घेणे’ आहे, आणि भावाविषयी बोलताना आपणही बहुधा तेच म्हणत असाल.