मदत हवी आहे: गुडघेदुखीवर मॅग्नेटचा पट्टा आणि चुंबकाची गादी, खरंच उपयोग होतो का?

ओलीसांज

नमस्कार मंडळी, विषय आईच्या गुडघ्यांचा आहे. वय पासष्टच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांत झीज, एक्स-रे वगैरे सगळं झालंय, डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, दुखलं तर मलम लावा आणि अगदीच लागली तर गोळी. इथपर्यंत ठीक होतं. पण आईच्या ओळखीतल्या एका काकूंनी तिला मॅग्नेट थेरपीचं वेड लावलंय. आधी गुडघ्याला बांधायचा पट्टा आला, त्यात बटणाएवढी चुंबकं शिवलेली आहेत, मग मनगटातलं कडं, आणि आता काकूंचं म्हणणं की पट्ट्याने नुसतं वरवर काम होतं, मुळापासून बरं व्हायचं तर रात्रभर चुंबकाच्या गादीवर झोपायला हवं. म्हणजे आपल्या नेहमीच्या गादीवर अंथरायची ती, डबल बेडची. ऑर्डर अजून दिलेली नाही, मीच आज उद्या करत टाळतेय.

गंमत अशी की आईला पट्ट्याने बरं वाटतंय. म्हणजे खरंच वाटतंय, मी बघतेय ना, जिना उतरताना पूर्वीसारखी कण्हत नाही. त्यामुळे तोंडावर "हे सगळं थोतांड आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. पण दुसरीकडे तिने व्यायाम जवळजवळ सोडलाय, म्हणते आता चुंबक करतंय ना काम, मी कशाला पाय वर-खाली करू.

माहितीपत्रकात लिहिलंय की चुंबक रक्तातलं लोह खेचतं त्यामुळे रक्ताभिसरण वाढतं, हे कितपत खरं? पट्ट्याची उत्तर ध्रुवाची बाजू आतून घ्यायची का दक्षिण, यावरून आई आणि काकू रोज फोनवर चर्चा करतात, त्याने फरक पडतो का? आणि हॉस्पिटलातही मॅग्नेटची मशिनं असतातच की, मग हे एकदम खोटं कसं असेल?

बाबांचा काही विरोध नाही, ते म्हणतात तिला बरं वाटतंय ना मग घे. त्यांना स्वतःला मध्यंतरी पेसमेकर बसवलाय, तेव्हापासून ते कुठल्याच वादात पडत नाहीत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. विकणाऱ्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत _/\_

उंटावरचा

थांबा थांबा. गुडघे नंतर. बाबांना पेसमेकर आहे आणि त्याच बेडवर चुंबकाची गादी?? ऑर्डर देऊ नका.

पेसमेकरमध्ये मुद्दामच अशी सोय असते की जवळ चुंबक आलं की तो वेगळ्या मोडमध्ये जातो, हृदयाचे स्वतःचे ठोके बघायचं सोडून ठरलेल्या वेगाने ठोके द्यायला लागतो. डॉक्टर तपासणीत हेच वापरतात. यासाठी फार ताकदीचं चुंबकही लागत नाही, १० गॉसच्या (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपासच्या क्षेत्रालाही बरीच यंत्रं प्रतिसाद देतात. चुंबक लांब नेलं की बहुतेक वेळा यंत्र पूर्ववत होतं, पण रात्रभर माणूस कुशीवर वळणार, पालथा झोपणार, म्हणजे छाती थेट गादीवर. चुंबकाच्या वस्तू किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा असं सांगतात आणि गादी-उशीच्या बाबतीत ते पाळणं शक्यच नाही. आणि तो साधा पेसमेकर आहे का शॉक देणारा आयसीडी आहे ते यंत्रासोबत मिळालेलं कार्ड काढून बघा. आयसीडी असेल तर गंभीर आहे प्रकरण, चुंबक जवळ असेपर्यंत तो शॉक देणं थांबवू शकतो, म्हणजे ज्यासाठी बसवला नेमकं तेच काम बंद.

ओलीसांज

बापरे! आत्ताच कार्ड बघितलं, साधा पेसमेकर आहे. गादीचा विषय संपला. पण मग आईचा पट्टा? तो रात्री तिच्या गुडघ्यालाच असतो, आणि कडं हातात.

उंटावरचा

गुडघ्यावरचा पट्टा बाबांच्या छातीपासून लांबच असतो, त्याचं टेन्शन नको. कडं मात्र रात्री काढून ठेवायला सांगा, झोपेत हात कुठेही जातो. बाकी तुमच्या बाबांच्या यंत्राचे नियम त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारा, इथे मी सांगतो तो शेवटचा शब्द नाही. आईलाही कधी एमआरआय सांगितला तर आत जायच्या आधी पट्टा, कडं सगळं काढायचं हे लक्षात असू द्या.

भौतिकदादा

रक्तातल्या लोहाचं मी घेतो. शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. एकेक अणू प्रथिनात अडकलेला असतो आणि चुंबकाकडे खेचलं जायला जे लागतं ते त्यात जवळपास नसतंच. उलट ऑक्सिजन असलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच मोजून दाखवलंय. आणि साधा विचार करा, एमआरआयचं मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं, म्हणजे १५,००० किंवा ३०,००० गॉस. चुंबक रक्त खेचत असतं तर त्या मशीनमध्ये गेलेल्या माणसाचं काय झालं असतं?

दुसरं म्हणजे अंतर. छोट्या चुंबकाचं क्षेत्र लांब गेलं की फार झपाट्याने पडतं, अंतर दुप्पट झालं की ताकद साधारण आठवा हिस्सा उरते. काही पट्ट्यांत उत्तर-दक्षिण आळीपाळीने लावलेले असतात, तिथे तर काही मिलिमीटरमध्येच सगळं आटोपतं. पाकिटावर जो हजारो गॉसचा आकडा असतो तो बऱ्याचदा चुंबकाच्या मटेरियलचा असतो, पृष्ठभागावर मोजला तर कितीतरी कमी निघतो, मग कापड, कातडी, चरबी पार करून सांध्यात काय पोचणार. घरी करून बघा, पट्ट्याला एक पेपरक्लिप चिकटवा आणि मध्ये एकेक कागद सरकवत जा, किती कागदांनंतर क्लिप पडते ते आईलाच मोजू द्या. थोडक्याच कागदांत पडली तर सांगायला काही उरत नाही.

उत्तर ध्रुव शांत करतो दक्षिण उत्तेजित करतो याला काही आधार नाही, काकूंना फोनबिल वाचवायला सांगा :)

हॉस्पिटलातल्या मशिनांचा प्रश्न मात्र रास्त आहे, लोक इथेच गंडतात. तिथल्या उपचारांच्या मशिनांचं क्षेत्र सतत बदलत असतं आणि बदलतं क्षेत्र शरीरात वीज निर्माण करतं, जे काही होतं ते त्या विजेने. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा स्पंदनांच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-यंत्रांना मान्यता देणारी सरकारी संस्था) १९७९ मध्ये मान्यता दिली, मेंदूला कवटीबाहेरून उत्तेजना देणारं यंत्र १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला आलं आणि नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. पट्ट्यातलं चुंबक नुसतं बसून असतं. नाव एकच पण संबंध शून्य.

रानपाखरू

सगळे एका सुरात बोलताय म्हणून लिहिते. मला पाठीला मॅग्नेटच्या पट्ट्याने फरक पडलाय, कुणी काही म्हणो. आणि विज्ञानाला सगळं कळलंय असं थोडंच आहे? मी तर वाचलंय की अमेरिकेत अभ्यास झालाय आणि चुंबक लावलेल्यांना आराम पडला.

भौतिकदादा

वाचलंय ते खरं आहे. १९९७ चा बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनचा अभ्यास, पोलिओनंतरच्या दुखण्याचे ५० रुग्ण, दुखऱ्या जागी ४५ मिनिटं चुंबक, खऱ्या चुंबकवाल्यांपैकी ७६ टक्क्यांना आराम आणि खोट्यावाल्यांपैकी (दिसायला तसंच, पण चुंबक नसलेलं) १९ टक्क्यांना. विकणारे अजून तोच दाखवतात. पण तो छोटा होता, एकदाच चुंबक लावलं होतं, आणि नंतरचे अभ्यास तसे निघाले नाहीत. २००० मध्ये जुन्या कंबरदुखीवर २० जणांत काही फरक नाही. २००३ मध्ये टाचदुखीवर १०१ जणांना बुटात घालायचे चुंबकाचे तळवे दिले, त्यातल्या काहींना खोटे, ८ आठवड्यांनी दोन्हीकडे सारखीच सुधारणा. नीट वाचा, सुधारणा झाली, पण दोन्हीकडे! २००७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही दुखण्यावर पुरावा मिळाला नाही, फक्त सांध्यांच्या झिजेबद्दल पक्कं नाही म्हणता येत नाही, आणखी तपासा असं लिहिलं होतं.

झिजेवर २००४ चा एक ब्रिटनमधला अभ्यास आहे, १९४ जण, मनगटात चुंबकाचं कडं, खऱ्या कड्यावाल्यांचं दुखणं जरा जास्त कमी झालं. पण गोम अशी की कडं किल्लीला चिकटतं का हे माणूस घरी बघतोच, मग कुणाकडे खरं कुणाकडे खोटं हे लपून राहत नाही, अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच ही शंका मांडलीय. पुढे २००९ मध्ये यॉर्कच्या संशोधकांनी झीज असलेल्या ४५ जणांना आळीपाळीने खरी, कमजोर, बिनचुंबकाची आणि तांब्याची कडी घालायला लावली, तेव्हा फरक दिसला नाही.

रानपाखरू

बरं, पण मग मला आराम कसा पडला ते सांगा ना!

फिजिओकाकू

मी सांगते, रोज हेच बघते. पट्टा उबदार असतो, घट्ट बसतो, कंबर किंवा गुडघा आपण जपून वापरतो. आधार आणि ऊब यानेच दुखणं कमी वाटतं, आत चुंबक असो नसो. शिवाय असं दुखणं चढउतारांचं असतं आणि माणूस पट्टा विकत घेतो ते दुखणं टोकाला गेल्यावर, त्यानंतर ते आपसूक उतरणारच असतं, श्रेय मात्र पट्ट्याला जातं. आणि विश्वासाने दुखणं कमी होणं हे काही नाटक नाही, मेंदू खरंच वेदना कमी जाणवू देतो. तुमचा आराम खोटा नाही रानपाखरू, चुंबकाचा दावा तेवढा खोटा.

ओलीसांज, आईशी वाद घालू नका, हरणारच तुम्ही. पट्टा राहू दे, फक्त तो बांधून व्यायाम करायचा असं ठरवा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट आवळून पाच मोजायचे, हळू खाली, मग दुसरा. जमायला लागलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं. मांडी भक्कम झाली की सांध्यावरचा ताण कमी होतो, झिजेवर सगळ्यात पक्का पुरावा व्यायामाचाच आहे, आणि मला तरी इतक्या वर्षांत त्याहून भारी काही दिसलं नाही. वजनाचं म्हणाल तर एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, हे आईला सांगा, आकडा ऐकून लोक चालायला लागतात. सुरुवातीला थोडं दुखेल, ते चालतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिलं तर कमी करायचं.

गुडघा एकदम सुजला, लाल गरम झाला, ताप आला, अडकून बसला, पायावर वजनच टाकता येईना किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र पट्टा-बिट्टा न बघता लगेच डॉक्टर.

आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर पट्ट्याची शिवण तपासत राहा. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन वळशांत एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं दाबून भोक पडतं. ते थांबून बघायचं प्रकरण नाही.

सावळागोंधळ

अवांतर: हा धंदा जुना आहे हो. मेस्मर म्हणून एक डॉक्टर अठराव्या शतकात व्हिएन्नात रुग्णांवर चुंबकं लावायचा, मग म्हणाला चुंबकांचीही गरज नाही, माझ्यातच ती शक्ती आहे, आणि पॅरिसमध्ये गर्दी जमवली. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्होझिए होते. त्यांनी एका मुलाचे डोळे बांधून बागेतल्या झाडांपाशी नेलं, एकच झाड "चुंबकित" केलेलं होतं, आणि हा पठ्ठ्या भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. समितीने लिहिलं, सगळा कल्पनेचा खेळ.

ओलीसांज

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. गादी रद्द. आईला पेसमेकरचं सांगितल्यावर तिनेच काकूंना फोन करून नाही म्हटलं, मला बोलावंही लागलं नाही. क्लिपचा प्रयोगही झाला, बाबांनी कागद सरकवले, दोघं हसत होते. आई म्हणाली ठीक आहे, पण पट्टा मी काढणार नाही. नको काढू म्हटलं. आजपासून बांधून व्यायाम.

फिजिओकाकू, एकच शेवटचं. डॉक्टरांनी दिलेलं डायक्लोफेनॅकचं मलम ती लावते आणि लगेच वरून पट्टा आवळते, चालतं का?

फिजिओकाकू

नाही. मलम लावल्यावर लगेच घट्ट काही बांधायचं नाही आणि शेकायचंही नाही, कातडीतून जास्त औषध आत जाऊ शकतं आणि चट्टेही उठतात. मलमाची वेळ आणि पट्ट्याची वेळ वेगळी ठेवा, म्हणजे सकाळी व्यायामाला पट्टा, मलम नंतर. लावून झाल्यावर हात धुवायला सांगा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर मलमाबद्दलही डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मलम आहे म्हणून लोक सांगतच नाहीत.