मदत हवी आहे : बँकॉकमध्ये आई-बाबांना रात्री हॉटेलवर सुखरूप कसं परत आणू?

मी फोंड्यात, आई-बाबा (६८ आणि ७२) ग्रुप टूरबरोबर बँकॉकला. काल पहिल्याच संध्याकाळी याओवारातच्या, म्हणजे चायनाटाऊनच्या गर्दीत त्यांची ग्रुपपासून चुकामूक झाली. टूर मॅनेजर फोन उचलेना. तीन टॅक्सीवाले मीटर टाकायला तयार नव्हते, टुकटुकवाल्याने ६०० बाट सांगितले. हॉटेलचं नाव इंग्रजीत वाचून कुणाला कळेना. शेवटी एका दुकानदार बाईने टॅक्सी करून दिली, तिचे उपकार विसरणार नाही. पोचेपर्यंत तिथले साडेबारा वाजले, आपल्याकडचे अकरा. तोवर माझा जीव टांगणीला होता.

आज हॉटेलचा थाईमधला पत्ता फोटो काढून ठेवायला सांगितलाय, टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबरही दिलाय. ग्रुप सोडून परत येणं शक्य नाही, अजून चार रात्री आहेत. आणि खोलीत बसा असं सांगायला मला जिवावर येतं, दोघं पहिल्यांदाच परदेशी गेलीत.

हॉटेल सुखुमवित एमआरटी (मेट्रो) स्टेशनजवळ आहे. चायनाटाऊनमधल्या वात मांगकोन स्टेशनहून मेट्रोची ब्लू लाइन थेट तिथे येते, पण आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. दोघांना ॲप वापरता येत नाही, इंटरनेट मात्र चालू आहे.

वात मांगकोनला रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे का? आणि गोव्यात बसून माझ्या फोनवरून त्यांच्यासाठी ग्रॅब (तिथली ॲपवरची टॅक्सी) बोलावली, पैसे त्यांनी तिथे रोख दिले, असं कुणी केलंय का?