स्टार ट्रेक: ग्रहांचे क्लास कळले, नेब्युलाचं काय करायचं?

नकाशेवाला: मंडळी, आम्ही मित्र मिळून स्टार ट्रेकच्या विश्वात एक टेबलटॉप गेम करतोय आणि नकाशाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. क्लास एम म्हणजे पृथ्वीसारखा, जे म्हणजे गॅस जायंट, वाय म्हणजे व्हॉयेजर मालिकेतला तो 'डीमन' ग्रह, उतरलात की खेळ खल्लास, इथपर्यंत ठीक आहे. पण के आणि एलमध्ये नेमका फरक काय? आणि नेब्युलांना, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांना, अशी अक्षरं नाहीतच का?

धूमकेतू_७६: के वर डोम बांधून आत राहायचं, 'आय, मड' या एपिसोडमध्ये तसंच आहे. एल वर कसंबसं जगता येतं. डीप स्पेस नाइन मालिकेचा 'द साउंड ऑफ हर व्हॉइस' हा एपिसोड बघ, ती कॅप्टन एल क्लासवर अडकलीय, हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून इंजेक्शनं घेत दिवस ढकलतेय. आणि हो, ए पासूनची ती जी पूर्ण यादी नेटवर फिरते ती बरीचशी २००२ च्या 'स्टार चार्ट्स' पुस्तकातली आहे, एपिसोडमध्ये एवढं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे फार सोवळं पाळू नकोस.

तिरकस: मुळात ही अक्षरं म्हणजे माणसाला तिथे राहता येईल का एवढाच हिशोब आहे. नेब्युलात कोण घर बांधणारे? तिथे प्रश्न जहाजाचा. १९८२ च्या सिनेमात मुटारा नेब्युलात शिरल्यावर शील्ड बंद, स्क्रीनवर नुसती खरखर, आणि पुढे व्हॉयेजरमध्ये 'मुटारा क्लास' असा प्रकारच झाला. म्हणून तू दोन रकाने कर, एकात खगोलशास्त्रातला खरा प्रकार म्हणजे एमिशन (स्वतः चमकणारा), रिफ्लेक्शन (ताऱ्याचा प्रकाश परतवणारा), डार्क (मागचा प्रकाश अडवणारा), प्लॅनेटरी (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला वायू), सुपरनोव्हाचा म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष, आणि दुसऱ्यात जहाजाचं काय काय बंद पडतं ते.

धूमकेतू_७६: फक्त खऱ्या नेब्युलात लपता येत नाही हं. ओरायन नेब्युलाच्या दाट भागातसुद्धा घनसेंटीमीटरला काही हजार कण, आपल्या लॅबमधली व्हॅक्यूम त्याहून दाट असते!

नकाशेवाला: अरे मग आमच्या चाच्यांनी लपायचं कुठे 😅

तिरकस: लपू देत रे, गेम आहे. पण एक तरी क्रॅब नेब्युलासारखा सुपरनोव्हाचा अवशेष टाक, मधोमध पल्सर म्हणजे गरगर फिरणारा मेलेल्या ताऱ्याचा गाभा, सेकंदाला साधारण ३० फेऱ्या, रेडिएशनचं कारण आयतंच मिळतं आणि कोणी फिजिक्स काढून भांडत बसणार नाही.