अनुभव धागा : कोकणात पिकअप घेताना, नवी की जुनी?

धागाकर्ता (राजापूर)

दसऱ्याला पिकअप दारात आणायचा विचार आहे. घरची आंब्याची बाग आहे, थोडा काजू आहे, उरलेल्या महिन्यांत भाडी मारायची. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरचे म्हणतायत नवीच घे. मित्र म्हणतो, निम्म्या पैशात जुनी मिळते, पहिला ओरखडा दुसऱ्याने काढलेला बरा. मायलेजची चर्चा नको, ती शोरूममध्ये चहासकट फुकट मिळते. ज्यांनी इथल्या रस्त्यांवर, इथल्या पावसात गाडी वापरली, त्यांनी एवढंच लिहा : काय वाहिलं, गाडीचं काय झालं, आणि पुन्हा घ्यायची झाली तर आधी कुठे हात लावाल?

बर्फाची गाडी (रत्नागिरी)

मिरकरवाड्यावरून मासळी उचलतो, त्यामुळे आधी माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितो. मासळीची जुनी गाडी घेऊ नका. घ्यायचीच तर भंगाराचा भाव मनात धरून बोलणी सुरू करा.

इंजिन चांगलं असतं, तिथेच लोक फसतात. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फटीतून खाली गळतं आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्ट्यांवर साचतं. हौदा वरून रोज धुतला जातो, खाली कोण धुतो? दोन-तीन हंगामांत मागची आडवी पट्टी, पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) शॅकल आणि ॲक्सलवरून जाणारी ब्रेकची नळी, या तीन जागा पहिल्या खलास होतात. ब्रेकची नळी गेली तर काय होतं, हे घाटात उतरणाऱ्याला सांगायला नको.

बघायला जाताना लहान हातोडी न्या. चेसीला पुढून मागे ठोकत जायचं. निरोगी लोखंड टण्ण वाजतं. मध्येच आवाज बसका आला की तिथे पापुद्रे सुटलेत. स्क्रू-ड्रायव्हरने जरा खरवडलं की काळ्या रंगाखालून तांबडा भुगा हातावर येतो. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला दिसला तर रंग का मारला ते विचारा, आणि उत्तर ऐकत न बसता ठोकत राहा.

अजून एक. मे संपता संपता या गाड्या बाजारात येतात. जून-जुलै मासेमारी बंद असते, हप्ता बंद नसतो. भाव तेव्हाच तुटतो, पण माल कुठला ते विसरू नका.

देवगड बागायतदार

मी उलटं सांगतो. तुमची बाग केवढी? आंबा मार्च ते मे. बाकीचे महिने गाडी अंगणात उभी राहून गंज खाते. आमच्याकडे दोन बागायतदार मिळून रात्रीची गाडी भाड्याने भरून वाशीला पाठवतो, पहाटे मार्केटला लागते. घाट, टोल, ड्रायव्हरची झोप, सगळी काळजी गाडीवाल्याची. घरात मी छोटा हत्ती ठेवलाय, बाग ते पॅकिंग शेड एवढंच त्याचं काम.

मोठी गाडी घेणार असाल तर एक ऐका. दोन टनांची पासिंग असलेली, म्हणजे कायद्याने तेवढा माल भरता येणारी, गाडी घेऊन तिच्यात सहाशे-सातशे किलो आंबा भरलात तर पाटे दबतच नाहीत. प्रत्येक खड्ड्यात हौदा उडतो आणि खालच्या थरातला हापूस दचके खातो. पेटी वरून सुंदर दिसते, डाग तीन दिवसांनी आढीत उमटतो, शिव्या मात्र बागायतदाराला. आंब्याला जेमतेम पुरेल एवढ्याच पासिंगची गाडी बरी. ताडपत्री घट्ट आवळू नका, बाजूने वारा खेळला पाहिजे.

चिरेवाला (लांजा)

आंबेवाल्यांचं बरं आहे, माल हलका. माझ्याकडे दगड. ओला-सुका धरून एक जांभा चिरा तीस-बत्तीस किलोचा पकडा. 1300 किलोच्या पासिंगमध्ये कायद्याने चाळीस चिरे बसतात. आता खाणीवर उभं राहून कोणाच्या गाडीत चाळीस चिरे दिसतात ते मला सांगा. सत्तर-ऐंशी भरतात, वर मुकादम म्हणतो "अजून दहा घे, जागा आहे". जागा हौद्यात असते, ॲक्सलमध्ये नसते.

म्हणून चिऱ्याची, वाळूची जुनी गाडी ओळखायला शिका. मागचे पाटे मोजा. कंपनीच्या संख्येपेक्षा एखादा जास्त असेल तर तो नंतर भरलाय, म्हणजे मालकाला काय वाहायचं होतं ते कळलं. हौद्याचा पत्रा आतून खोलगट झालेला असतो, फाळक्यांच्या बिजागऱ्या ताणलेल्या असतात. मागून दूर उभं राहून चाकं बघा. वरच्या अंगाला आत कललेली वाटली तर ॲक्सल वाकलेला आहे. तिथूनच नमस्कार करून घरी.

आणि दंड. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एकदा भरला की आठवड्याची कमाई गेली. मी नवी घेतली, दोन टनांची, आणि साठ चिऱ्यांच्या वर भरत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

काजूताई (गुहागर)

गाडी मीच चालवते, हे आधी सांगते, कारण शोरूममधला माणूस अख्खा वेळ माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होता. नवरा मास्तर आहे, त्याला क्लच आणि कॅशबुक यातलं फक्त दुसरं कळतं.

आमच्या गटाचा काजूगर, कोकम, आगळ असा माल. वजनाने फार नाही, पण बाटल्या आणि बरण्या, म्हणजे दचके नकोत. मी एक टनाच्या आसपासची छोटी पिकअप नवी घेतली, पॉवर स्टीअरिंगवाली. आमच्या वाडीचा रस्ता दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातो, समोरून रिक्षा आली तरी कोणीतरी मागे घ्यावं लागतं. तिथे गाडीच्या रुंदीला किंमत आहे. शोरूमच्या अंगणात नव्हे, आपल्या वाडीत आणून गाडी वळवून बघा. द्यायला का-कू करतात, पण हट्ट धरला की देतात.

दापोलीकडे जायला मी धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाते, रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. पण बोटीच्या फळीवर चढताना गाडीचा मागचा भाग टेकतो का, हे ओहोटीच्या वेळी बघायचं, तेव्हा उतार जास्त असतो. आणि खाडीचं पाणी चाकांवर उडालं असेल तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याचा पाइप मारायचाच. बर्फवाले दादा म्हणतात ते खरं आहे, फक्त ते मासळीच्याच नव्हे, किनाऱ्यावरच्या सगळ्या गाड्यांना लागू आहे.

लायसन्सबद्दल बायका मला फार विचारतात. 7500 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलंय. एजंट वेगळं काही सांगून पैसे मागेल, देऊ नका.

घाटावरची गाडी (कणकवली)

मी जुनीच घेतली आणि मजेत आहे. युक्ती एवढीच की ती किनाऱ्यावर शोधलीच नाही. फोंडा घाट चढलो आणि कोल्हापूरकडे बघितल्या. एमएच 09, एमएच 10 च्या, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या, गाड्या खालून कोरड्या असतात. माझी दुधाच्या फेरीची होती. रोज पहाटे ठरलेला रस्ता, ठरलेलं वजन, आणि दूध वेळेत पोचायला हवं म्हणून मालकाने ती कधी बंद पडू दिली नव्हती. क्लच संपत आलेला होता, तो भावातून वजा करून घेतला.

कागदांचं मात्र नीट बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही तुमच्यासमोर. थकलेली ई-चलानं आधी बघून घ्या, नाहीतर ती तुमच्या डोक्यावर बसतात. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दर वर्षी, त्याआधी दोन वर्षांनी. त्यामुळे सात वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय ते समजून घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का बघा. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ताच सोळा हजारांवर आहे, म्हणजे "विमा पुढच्या महिन्यात संपतो" असं विकणारा सहज बोलून जातो तेव्हा ते सोळा हजार तुमचे आहेत.

गोव्याची गाडी स्वस्त दिसते. तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स धरून हिशेब मांडा, मग बोला.

चिपळूणकर

22 जुलै 2021 चा पूर विसरू नका. त्या दिवशी बुडालेल्या गाड्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, पुसून, सीट कव्हर घालून इकडे तिकडे विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी चिखलाची रेघ असते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळाखाली बोट फिरवा. फ्यूजचा डबा उघडा, हिरवट बुरशी धरली असेल तर वायरिंग आज नाही तर उद्या दगा देणार. आणि विम्याचा जुना क्लेम विचारा, 2021 चा मोठा क्लेम दिसला की समजा.

मालवणी माणूस

गाडी बघूक जातास तर पावसातच जावा. उन्हात सगळ्यो गाडयो बऱ्योच दिसतत. पावसात काच खंयसून गळता, वायपर चलता की नाय, सगळा समाजता. आणि वांगडाक फिटर घेवा, मेव्हण्याक नको. मेव्हणो फक्त रंग बघता.

होमस्टेवाला (तारकर्ली)

माझा प्रश्न जरा वेगळा. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी मोठी डबल कॅब कोणी वापरतंय का? पाहुणेही बसतील, मागे स्कुबाचे सिलिंडरही जातील असा विचार आहे.

काजूताई (गुहागर)

@होमस्टेवाला, हायलक्स सव्वापाच मीटरहून लांब आहे हो. तुमच्या माडांमधल्या वाटेवर वळेल का ते दोरी धरून मोजा आधी.

चिरेवाला (लांजा)

आणि आरसीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा, पाच माणसं त्यातून आणखी वजा करा. उरलेल्यात सिलिंडर बसतायत का बघा. दिसायला हत्ती असते, पण माल वाहायला आपली बोलेरोच. शौक असेल तर जरूर घ्या, धंद्याचं नाव नका देऊ.

हिशेबनीस (सावंतवाडी)

कर्जाबद्दल कोणीच लिहिलं नाही. जुन्या गाडीला फायनान्सवाले "फक्त दहा टक्के" म्हणतात, तो फ्लॅट दर असतो, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज. पाच लाख, चार वर्षं, दहा टक्के फ्लॅट म्हणजे दोन लाख व्याज, हप्ता 14,583. हाच हप्ता बँकेच्या, म्हणजे शिल्लक रकमेवरच्या, व्याजाने मांडला तर दर साडेसतरा टक्क्यांच्या घरात जातो. नव्या गाडीला बँक बऱ्याच कमी दराने देते. त्यामुळे जुनीचा वाचलेला पैसा बराचसा व्याजात जातो. जुनी घ्यायची तर रोख किंवा अगदी थोडं कर्ज काढून. मोठं कर्जच काढायचं असेल तर ते नव्या गाडीवर काढा, निदान पाच वर्षं पासिंग आणि दुरुस्तीची कटकट कमी. आणि हप्ता बाराही महिने भरायचा असतो, आंब्याचा पैसा एकदाच येतो, हे सही करताना आठवा.

धागाकर्ता (राजापूर)

सगळ्यांचे आभार. देवगडवाल्यांचं पाट्यांचं बोलणं डोक्यात बसलं, दोन टनांचा विचार सोडला. हिशेबनीसांनी जुनीच्या कर्जाचाही नाद सोडवला. साधारण साडेचार लाख रोख जमतात, त्यात कोल्हापूरची एक सहा वर्षांची सांगून आलीय, भाजीच्या फेरीची. रविवारी जातोय. गाडीवाल्याला आधी काय सांगून ठेवू?

घाटावरची गाडी (कणकवली)

सांगा की आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका. बोनेटला हात लावून गार आहे ना ते बघायचं, मगच चावी फिरवायची. गार इंजिन किती वेळ घेतं आणि मागून धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघा. निळा आला तर ऑइल जळतंय. भाजीची आहे म्हणजे रोज बाजार समितीत उभी असणार, तिथल्या हमालाला विचारा किती पोती भरायचे. मालकापेक्षा तो खरं सांगेल.

बर्फाची गाडी (रत्नागिरी)

हातोडी न्या.

धागाकर्ता (राजापूर)

नेतो. फिटरही ठरवलाय. मेव्हणा येतो म्हणतोय, त्याला मागे बसवतो.